नानासाहेबांची खुर्ची समुद्रावर

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. चिकलठाण्याच्या एका छोट्या कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून आणि त्यांवर काळं रेक्झिन ताणून मला घडवलं. सुरुवातीची वर्षं मी संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात काढली. दिवसभर पळापळ असे. "ही खुर्ची लई हलकी चालती," असं तिथल्या मावशी म्हणायच्या, तेव्हा मला बरं वाटायचं. पुढे नव्या चकचकीत खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली, फुटक्या बादल्यांच्या शेजारी ढकललं गेलं. माझा जन्मच फिरण्यासाठी झाला आहे. एका जागी उभं राहिलं की मला आतून कसंतरीच होतं.

तिथून मला सरिताने सोडवलं. ती त्याच दवाखान्याच्या कार्यालयात कामाला होती. तिच्या वडिलांना, नानासाहेबांना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणंही गेलं. राहिले दोनच शब्द, 'व्हय' आणि 'नाय'. या माणसाने सारी उमर ट्रक चालवला होता. सिल्लोडचा मका आणि कापूस भरून ते कुठं कुठं जाऊन आले होते. आता ते माझ्यात बसत, पण त्यांची डावी बोटं माझ्या हातावर सारखी ताल धरत. आम्ही दोघंही अस्वस्थ. म्हणून आमचं लवकर जमलं.

सरिताची आई दगडाबाई फुलंब्रीची. तिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. सरिताने बरीच वर्षं मनात धरलेली गोष्ट यंदाच्या थंडीत केली. मुंबईहून निघून मालदीव, सेशेल्स, मॉरिशस करत फिरणाऱ्या एका मोठ्या बोटीवर ती आईवडिलांना घेऊन चढली. त्यांच्याबरोबर मीही.

बोट म्हणजे पाण्यावरचं गावच होतं. सकाळी नाश्त्याला लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी. मग लोक वरच्या डेकवर गोल गोल चालत. दुपारी अंताक्षरी, संध्याकाळी नाच. खोली आवरणारी रोझा नावाची फिलिपिनो बाई टॉवेलच्या घड्या घालून पलंगावर कधी हत्ती करून ठेवी, कधी ससा. दगडाबाईला ते मोडवत नसत. ती अंग पुसायला पिशवीतलं आपलं जुनं लुगडं काढायची. बेचव भाजीबरोबर घरच्या ठेच्याचा घास घ्यायची आणि खिडकीतून पाणी बघत बसायची.

"एवढं पाणी, अन् एक घोट पेता येत नाय," ती म्हणायची.

मला मात्र घटकाभर चैन नव्हती. पायाखालची जमीन कधी डावीकडे कलायची, कधी उजवीकडे. ब्रेक लावला तरी मी बोटभर सरकायचेच. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजू लागले. त्याहून मोठा त्रास वेगळाच होता. मला कोणीही, कुठेही ढकलत असे. लिफ्टपाशी एखादा भला माणूस मला बाजूला सारी. जेवणघरात वाढपी मला भिंतीकडे तोंड करून उभी करी. सरिताही धांदलीत म्हणे, "बाबांना सावलीत ठेवते," आणि न विचारता मला वळवून टाकी. नानासाहेब म्हणत, "नाय." पण ते समुद्राच्या आवाजात विरून जाई. बेटावर छोट्या होडीने जावं लागे, तिथे मला नेता येत नसे. मग आम्ही मागेच राहत असू आणि सोबतीला दगडाबाईही. ती तेवढी समोर येऊन विचारायची, "अहो, तिकडल्या अंगाला जायचं का?"

मॉरिशस सोडल्यावर समुद्र खवळला. बोट इतकी हलू लागली की कपाटांची दारं आपोआप उघडमीट करत होती. दगडाबाईला मधुमेह. सकाळची गोळी तिने घेतली होती, पण बोट लागल्यामुळे पोटात काही ठरत नव्हतं. दुपारी ती सरिताला म्हणाली, "तू जा, दोन घास खाऊन ये. मी हाय ना यांच्यापाशी."

सरिता गेली. थोड्या वेळाने दगडाबाई पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या कपाळावर घाम डवरला होता. ती काहीतरी असंबद्ध पुटपुटली आणि हळूच खाली कलंडली.

नानासाहेबांनी फोनकडे पाहिलं. हेलकाव्याने तो कधीच पलंगामागच्या फटीत पडला होता. तिथे मी पोचू शकत नव्हते. मग त्यांनी डाव्या हाताने माझा ब्रेक सोडला.

मित्रांनो, एकाच हाताने चाक फिरवलं तर मी जागच्या जागी गरगर फिरते. नानासाहेबांनी पाय ठेवायची पट्टी वर केली आणि डावा पाय जमिनीला टेकवून दिशा धरली. खोलीचं दार जड होतं आणि ते आत उघडायचं. त्यांनी ते ओढलं, ते आपटून बंद झालं. पुन्हा ओढलं आणि फटीत माझं पुढचं चाक घातलं. माझी नळी चेपली, पण दार अडून राहिलं. आम्ही बाहेर पडलो. बोळाच्या भिंतीला लाकडी कठडा होता. तो धरून ते स्वतःला ओढू लागले. बोट कलली की आम्ही मागे घरंगळायचो, ती सावरली की पुन्हा पुढे. त्यांचा श्वास मला पाठीशी ऐकू येत होता.

बोळाच्या टोकाला रोझा भेटली. घामाघूम झालेले, तोंडातून शब्द न फुटणारे नानासाहेब पाहून ती घाबरली. यांनाच काही झालं असं तिला वाटलं. तिने धावत येऊन माझ्या पाठच्या मुठी धरल्या आणि मला लिफ्टकडे, दवाखान्याकडे, वळवलं. तिचं मन चांगलं होतं. पण आम्ही दगडाबाईपासून लांब चाललो होतो.

"नाय," नानासाहेब म्हणाले. ती ढकलतच होती.

तेव्हा त्यांनी ब्रेकची दांडी सगळं बळ एकवटून ओढली. बोटभर सरकणारी मी त्या क्षणी चाक घट्ट आवळून उभी राहिले. रोझा थबकली, समोर आली आणि वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. नानासाहेबांनी बोट केलं, आपल्या खोलीकडे. तिने त्याच दिशेला हात करून प्रश्नार्थक नजरेने पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले.

ती खोलीकडे धावत सुटली आणि दगडाबाईला पाहताच तिने डॉक्टरांना बोलावून घेतलं. आम्ही खोलीशी पोचलो तोवर डॉक्टर आले होते आणि दगडाबाईच्या हाताला सुई लागली होती. तिची साखर फार उतरली होती. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर सरिताला म्हणाले. बऱ्याच वेळाने दगडाबाईने डोळे उघडले आणि दारात उभ्या माझ्याकडे व नानासाहेबांकडे पाहिलं.

"तुमाला कुणी आणलं?" तिने विचारलं.

नानासाहेबांनी आपल्या छातीवर हात ठेवला. सरिता भिंतीला टेकून रडू लागली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या मागे नाही, पुढे येऊन बसली. "बाबा, कुठं जायचं?" तिने विचारलं आणि ती थांबली. नानासाहेबांनी आम्हाला बोटीच्या अगदी टोकाला नेलं, जिथे वारा तोंडावर आपटतो. तिथे मात्र त्यांची बोटं शांत होती.

आता मी पुन्हा संभाजीनगरात आहे. खाऱ्या हवेने माझी चाकं कुरकुरतात, चेपलेली नळी तशीच आहे, आणि रिकामी उभी राहिले की अजूनही जीव तगमगतो. मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्चीला अधूनमधून तेल घाला, तिचे ब्रेक तपासा, तिला जिन्याखाली विसरू नका. आणि तिच्यात कोणी बसलं असेल तर मुठींना हात लावण्याआधी समोर या आणि विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.