ठकुबाईचा फोटो

आमच्या भागात कारखाने आले आणि सगळ्या पुरुषांचे फोटो निघाले. गेटपासवर फोटो लागायचा. ज्यांनी जन्मात आरशातसुद्धा स्वतःकडे धड पाहिलं नव्हतं, असे गडी छातीशी नंबराची पाटी धरून, श्वास कोंडून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. पुढे त्यातलं कोणी गेलं की तोच फोटो मोठा करून घरात लागायचा. नंबराच्या पाटीवर फोटोग्राफर इनायत गुलाबाचं फूल रंगवायचा. पिंपळे गुरवपासून पुनावळ्यापर्यंत छातीशी गुलाब धरलेले घाबरे पुरुष अजून भिंतींवरून बघतायत.

बायकांना गेटपास नव्हता. त्या फोटोशिवायच मरायच्या.

इनायतचा स्टुडिओ चिंचवड स्टेशनाजवळ होता. मी एका कंपनीच्या टाइम ऑफिसात होतो आणि सुटल्यावर चहाला त्याच्याकडे टेकायचो. बायकांच्या प्रश्नावर त्याने तोड काढली होती. गेलेल्या बाईच्या तोंडवळ्याची बहीण, मुलगी, भाची, जी सापडेल ती आणायची, तिला गेलेलीचं लुगडं नेसवायचं, नथ घालायची आणि खुर्चीत बसवून फोटो काढायचा. नंतर ब्रशाने थोडं वय वाढवायचं, एखादा तीळ इकडचा तिकडे करायचा. याला ‘बसणं’ म्हणत. परीक्षेला कोण बसलं असं विचारावं तसं लोक विचारत, म्हातारीला कोण बसलं? एका म्हातारीला बाईमाणूस कोणी उरलंच नव्हतं, तेव्हा तिचा थोरला मुलगा मिशी उतरवून, पदर घेऊन बसला होता. फोटो छान आला. म्हातारी जरा करारी दिसते, एवढंच लोक म्हणाले.

इनायतला यात काही वावगं वाटत नसे. “साहेब, भिंतीला चेहरा लागतो,” तो म्हणायचा. “कुणाचा, ते भिंत विचारत नाही.”

चौऱ्याहत्तर साली पिंपळे गुरवची ठकुबाई काविळीने गेली. तिचा नवरा गेनू फाउंड्रीत होता. मूलबाळ नव्हतं. दहाव्याला नदीवर फोटो हवा म्हणून सुतकातच तो इनायतकडे आला आणि सोबत तानाबाईला घेऊन आला. तानाबाई ठकुबाईची धाकटी सख्खी बहीण आणि सख्खी जाऊही, म्हणजे गेनूचा धाकटा भाऊ दादू याची बायको. एका घरातून निघून दोघी एकाच घरात पडल्या होत्या. चेहऱ्यात साम्य म्हणाल तर दोघींना नाक होतं.

मी तिथेच होतो. तानाबाई बहिणीचं हिरवं लुगडं नेसून पडद्यासमोर बसली. लुगड्याला अजून ठकुबाईच्या घामाचा वास असावा, कारण बसल्याबसल्या तिने एकदा खांद्याकडे मान वळवून हुंगल्यासारखं केलं आणि मग सरळ झाली. थोरल्या दिरासमोर पदर खाली घ्यायला ती तयार नव्हती, म्हणून गेनू पाठ करून उभा राहिला. बायकोचा फोटो निघताना नवऱ्याची तिकडे पाठ होती.

चेहऱ्यावर काही खूण होती का, इनायतने विचारलं. गेनू भिंतीकडे तोंड करून आठवू लागला. तीळ होता म्हणाला. कुठे, तर गालावर. कुठल्या गालावर, तर ते त्याला आठवेना. जिच्याशी अर्धं आयुष्य संसार केला, तिचा चेहरा आठवायला गेलो की नुसती भाकरी थापणारी पाठ दिसते, असं तो म्हणाला.

तानाबाई म्हणाली, “तीळ नव्हताच दाजी. डाव्या भिवईवर कोयत्याचा वण होता. आन वरचा दात दातावर चढलेला.”

“ते कशाला?” गेनू भिंतीला म्हणाला. “आता गेली ना. बरी दिसू दे.”

इनायतने बरी दिसू दिली.

फोटो घरात लागला, हार चढला, पुढे समई आली. सांजवात लावायचं काम घरातल्या बाईचं, आणि बाई आता एकच उरली होती. तेव्हा तानाबाई रोज तिन्हीसांजेला हारातल्या आपल्याच तोंडापुढे दिवा लावू लागली. पहिल्या दिवशी तिने हसून नवऱ्याला सांगितलं, जितेपणी पूजा होणारी मी तालुक्यातली पहिलीच. दादूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग भेटायला माणसं येऊ लागली. मयताच्या घरी काय बोलायचं हे आपल्याकडे ठरलेलं असतं. समोर फोटो असला की त्यात बघत बोलायचं, म्हणजे रडणाऱ्याकडे बघावं लागत नाही. लोक फोटोत बघत आणि त्यांना ठकुबाई आठवे. किसनचं वासरू विहिरीत पडलं तेव्हा कासोटा खोचून दोराने खाली उतरली, काय छातीची बाई. दुष्काळात स्वतः अर्धपोटी राहून आळीत रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी वाटली, काय मनाची बाई. तानाबाई चहाचं ताट घेऊन दारात उभी असे. वासराला दोर बांधायला उतरली होती ती तानाबाई. भाकरी तिने वाटली होती. ठकुबाईने त्या दिवसांत पिठाच्या डब्याला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली होती.

एकदा तिने तसं सांगूनही पाहिलं. वासरू ज्याचं, तो किसनच बोलत होता. त्याने तिच्याकडे दयेने पाहिलं आणि दुसऱ्या कोणाला तरी हळू म्हणाला, बहिणीचं लई लागलंय तिला.

पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं सांगतो. घरात तिला कोणी नावाने हाक मारीना. कोणी ठरवून टाळत होतं असं नाही, पण ‘ताना’ म्हणायचा प्रसंगच येईना. केसांना झेंडूचा वास येऊ लागला, न्हाली तरी जाईना. बोळातून जाताना समोरची बाई बाजूला होई, तिरडी जाताना होतात तशी, भिंतीला पाठ लावून. एका संध्याकाळी दादू कामावरून आला, ओट्यावर बसला आणि पाणी मागताना तिला “वयनी” म्हणाला. चूक त्याच्या लक्षातही आली नाही. पाणी पिऊन त्याने तांब्या ठेवला, तो तिच्या हातात न देता बाजूला जमिनीवर.

त्या दिवसापासून तिला एकच भीती लागून राहिली. दहाव्याला कावळा शिवला की गेलेला माणूस सुटतो. फोटो तिचा लागणार, आठवणी तिच्या सांगणार, मग कावळा शिवल्यावर सुटणार कोण? तिने दादूला सांगितलं, फोटो नदीवर नेऊ नका. दादूने गेनूला सांगितलं. गेनू म्हणाला, “त्यो नसला तर मी बघू कुणाकडं?”

दहावा पवनेच्या काठी झाला. आमच्याकडे दहाव्याला गर्दी लग्नाएवढी असते आणि भाषणं लग्नापेक्षा जास्त. नवी नगरपालिका झाल्यापासून सभासदांना बोलायला जागा हव्या होत्या आणि नदीकाठासारखी जागा नाही, श्रोता उठून जाऊ शकत नाही. लोखंडी खुर्चीवर फोटो ठेवला होता. पुढे मुंडण केलेला गेनू, भटजी, पिंड. सभासद मालोजीराव फोटोकडे हात करून बोलले. वासरू आलं, भाकरी आली. मलाही शिकलेला म्हणून दोन शब्द बोलायला लावलं. मी मनमिळाऊ, कष्टाळू आणि अजातशत्रू हे शब्द वापरले. टाइम ऑफिसात कोणी गेलं की मी नोटीस बोर्डावर हेच लिहीत असे आणि आजवर कोणत्याही मयताने हरकत घेतली नव्हती.

कावळा येईना.

कावळे होते, पलीकडच्या करंजावर भरपूर होते. पण एकही ओरडत नव्हता. सगळे या काठाकडे तोंड करून बसले होते. गेनूने हात जोडून बोलायला सुरुवात केली. तुझ्या भावाच्या पोरीचं लग्न मी लावीन. दारूला शिवणार नाही. म्हशी विकणार नाही. एक कावळा उडाला, या काठावर उतरला आणि चालत पिंडापर्यंत गेला. तिथे थांबला नाही. पिंडाला वळसा घालून तो बायकांच्या घोळक्याकडे चालत आला. बायका लुगडी आवरून मागे सरकल्या, तशी तानाबाई एकटी पुढे राहिली. तो तिच्या पायांपाशी येऊन उभा राहिला आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिला. मग खुर्चीवरच्या फोटोकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे.

दुर्गाबाई म्हणून गावातली वयस्क बाई होती, गेनूची चुलती. ती बसल्याजागी म्हणाली, “त्याला काय येडा समजलात व्हय रं? ज्या बाईचं बोलताय ती हितं उभी हाय. मेली तिचं तर कुणी काय बोललंच न्हाई.”

भटजी दर्भाचा कावळा करू लागले. वेळ लागला की तसं करतात, गवताचा कावळा शिववला की शास्त्र भागतं. तानाबाई त्यांना थांबा म्हणाली. पुरुषांच्या पुढे येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं.

“माझी बहीण चांगली नव्हती,” ती म्हणाली. “भिवईवर वण होता. हसताना तोंडावर हात धरायची, दातासाठी. रागावली की जोडवं काढून मारायची. वासरू हिरीत पडलं तवा काठावर उभी राहून म्हनली, कुणी सांगितलं हुतं त्याला वाकायला. दुष्काळात पीठ कुलपात ठेवलं आन किल्ली गळ्यात घालून झोपली. मला ती बोलत नव्हती. लई वर्सं बोलत नव्हती. मी तिच्याच घरात आले, दोघींना एकच चूल, त्याचा राग.” मग ती गेनूकडे वळली. “न्हानपणी मला घरी टाकून जत्रेला गेली. येताना रेवडी आणली, निम्मी चोखल्याली. म्हनली, सगळी खाणार हुते, पर तुझं तोंड दिसाया लागलं.”

गेनू हुंदका देऊन खाली बसला. बसल्याबसल्या त्याने डाव्या भिवईवर बोट ठेवलं, स्वतःच्याच, आणि ते तिथे फिरवत राहिला.

“आली का ध्यानात?” तानाबाईने विचारलं.

गेनूने हो म्हणून मान हलवली.

“मग त्यो हितनं काढा दाजी. मला जिती राहू द्या.”

तो उठला. खुर्चीवरचा फोटो त्याने उचलला, हारासकट छातीशी धरला आणि पाण्यात गुडघ्याएवढा गेला. तिथे थांबला. आम्हाला वाटलं, आता परत येतो. भिंत मोकळी राहणार, हे त्याला दिसत असणार. मग त्याने तो पाण्यावर ठेवला, तान्ह्या पोराला निजवावं तसा, उताणा. फ्रेम लाकडाची होती, बुडाली नाही. तानाबाईचं तोंड आकाशाकडे बघत हळूहळू वाहत निघालं. धार बेताची होती. हार फ्रेमपासून सुटला आणि वेगळा, मागेमागे जाऊ लागला. सगळा गाव ते बघत उभा राहिला. इनायत एका बाजूला उभा होता, त्याने तोंडावर रुमाल धरला. स्वतःचं काम इतक्या लोकांनी इतका वेळ बघितल्याचं त्याने पूर्वी पाहिलं नसावं.

फोटो वळणाआड गेला तेव्हा भटजी म्हणाले, शिवला.

आम्ही वळलो. पिंड फुटला होता. भात विस्कटला होता आणि कावळा करंजावर परत जाऊन बसला होता. लोकांनी सुस्कारा टाकला. दुर्गाबाईने ठकुबाईचं नाव घेऊन नमस्कार केला. मालोजीरावांनी माझा हात दाबला, जणू आम्हा दोघांच्या भाषणांनीच हे जमलं होतं. जेवणं व्यवस्थित झाली.

तेरावं उरकल्यावर तानाबाई एकटीच टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. दादू आमच्याच कंपनीत होता. त्याच्या रजेचं काहीतरी विचारायचं होतं, ते तिने विचारलं. मग उभीच राहिली. पदराचं टोक हातात घेऊन.

“सायेब, तुमी तिथंच हुता,” ती म्हणाली. “कावळा कवा शिवला? फोटू पाण्यात ठेवायच्या आधी का नंतर?”

मी आठवून पाहिलं. गेनू खुर्चीकडे गेला तेव्हापासून मी फोटोकडेच बघत होतो. सगळेच बघत होते. पिंडाकडे कोणाची नजर होती? भटजींना मी पुढे विचारलं. तेही फोटोच बघत होते. ज्याला ते माहीत असेल असा त्या काठावर एक कावळाच होता.

पण मी शिकलेला माणूस आहे आणि टाइम ऑफिसात काम करतो. कोणती गोष्ट आधी झाली आणि कोणती नंतर, हे सांगण्याचाच पगार घेतो.

“नंतर,” मी म्हणालो. “चांगली नंतर. फोटो पार वळणाशी गेल्यावर.”

तिने मान डोलावली. खिडकीतून झेंडूचा वास आत आला, किंवा बाहेर कोणी गाडीवर हार विकत असेल. समोरच्या रजिस्टरवर मी काहीतरी टिपू लागलो.

“सगळी नंतरच म्हणत्यात,” तानाबाई म्हणाली. “म्हणताना माझ्याकडं कुणी बघत न्हाई.”