फळीपलीकडच्या बाई

ताझिन दहावीत एकदा नापास झाली होती, आणि तेही एकट्या रसायनशास्त्रामुळे. दुसऱ्यांदा झाली असती तर पखोक्कूला घरी जाऊन आईशेजारी बसायचं आणि जन्मभर चिरूट वळायचे. आई तसं तोंडाने कधी म्हणाली नव्हती. पण काही गोष्टी न बोलताही कळतातच की! म्हणून तर मंडालेच्या या बोर्डरमध्ये तिने वर्षभर स्वतःला कोंडून घेतलं होतं.

बोर्डर म्हणजे वसतिगृह, शिकवणी आणि तुरुंग, तिन्ही एकाच पत्र्याखाली. पहाटे उठा, गालांना तनाखाच्या सालीचा लेप फासा, भिंतीकडे तोंड करून बाकावर बसा आणि घसा फाटेपर्यंत पाठ करा. सगळ्या मुली एकदम सुरू. कोणी बेडकाचं हृदय, कोणी आम्लांचे गुणधर्म, कोणी इंग्रजी निबंध. समजून घ्यायची भानगड नाही. पाठ झालं की शिकवणाऱ्या सयामा ओमांपुढे रांग लावायची आणि घडाघडा म्हणून दाखवायचं. बाई डोळे मिटून ऐकणार. एक शब्द इकडचा तिकडे झाला की परत बाकावर. म्हणून दाखवल्याशिवाय जेवण नाही.

"मी म्हणते, या फुलाच्या भागांचं काय लोणचं घालायचंय?" ताझिन शेजारच्या फ्यूला म्हणाली. "दोन वर्षं पाठ करतेय. एकदा तरी कोणी हातात फूल दिलंय का?"

"फूल द्यायला एखादा पोरगा बघ," फ्यू पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली. "आणि मला पाठ करू दे."

ऐन परीक्षेच्या आठवड्यात बाकीच्या दोन शिक्षिका सोडून गेल्या. उरल्या एकट्या सयामा ओमा. रांग जिन्यापर्यंत जाऊ लागली. मार्चचा महिना, दुपारी वीज गेलेली, पत्रा तापलेला, आणि पोटात कावळे ओरडताहेत. ताझिनचं डोकं नुसतं फिरलं होतं. तिचा बाक अगदी टोकाला, प्लायवूडच्या फळीला लागून होता. रांगेत उभं राहण्यापेक्षा इथेच म्हणून बघू, म्हणून तिने फळीकडे बघत रसायनातला एक पाठ म्हणून टाकला.

"हं. पुढे?" फळीपलीकडून कोणीतरी म्हणालं.

म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, तोंडात विडा असावा तसा. ताझिन दचकली, पण दचकून झाल्यावर तिला आनंदच झाला. पलीकडच्या खोलीत नव्या बाई आणल्या वाटतं! चला, रांग चुकली! तिने दुसरा पाठ म्हटला, तिसरा म्हटला. या बाई चुका काढत नव्हत्या, की कधी खेकसत नव्हत्या. पाठ संपला की नुसतं "हं. पुढे?" इतक्या मन लावून तिचं कोणी आजवर ऐकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त रसायन तिने फळीला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी रसायनाचा पेपर हातात आला आणि ताझिनने तो दोनदा वाचून काढला. सयामा ओमांपुढे म्हटलेलं सगळं आठवत होतं, अगदी स्वल्पविरामासकट. फळीला ऐकवलेलं मात्र गायब. विसरल्यावर निदान जिभेवर काहीतरी घोळतं, इथे तेही नाही. प्रश्न वाचताना तिला वाटलं, हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही. आठवेल तेवढं खरडून काठावर पास होण्याइतकं तिने कसंबसं भरलं आणि बाहेर येऊन फ्यूच्या गळ्यात पडून रडली.

बोर्डरवर परतल्यावर तिने सयामा ओमांना विचारलं, "बाई, पलीकडच्या खोलीत कोण बसतं?"

"कुठल्या पलीकडच्या?"

"माझ्या बाकाच्या. फळीपलीकडे."

"अगं, आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत ना? फळीमागे भिंत, भिंतीमागे उघडी हवा. कावळे बसत असतील." बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. जा, भौतिकशास्त्र घेऊन बस. आणि जागा बदलून मागू नकोस, जागा नाही."

ताझिन बसली. ओठ घट्ट मिटून मनातल्या मनात वाचू लागली. पण मनातल्या मनात वाचायची सवय होती कोणाला? अक्षरं डोळ्यांपुढून मुंग्यांसारखी निघून जायची. आणि ओळ संपायच्या आत पलीकडून यायचं, "हं. पुढे?" तिने कानात कापूस घातला. तरी तेच. फ्यूला विचारलं तर तिला म्हणे काहीच ऐकू येत नाही. थोड्या वेळाने फळीवर आतून नखं फिरू लागली. घाईने नाही, अगदी सावकाश, जेवायला वाढायची वाट बघणारं माणूस ताटावर बोटं फिरवतं तशी. ताझिन बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. पाठ म्हटला तर पाठ जाणार. नाही म्हटला तर ही बया वाचू देणार नाही. दोन पेपर बाकी होते, आणि पुढे चिरूट.

मग तिला सुचलं. हिला काहीतरी ऐकायचंच आहे ना? मग जे परीक्षेत येत नाही तेच देऊ!

ती फळीजवळ तोंड नेऊन कुजबुजली, "ऐका तर मग. या परीक्षेवर माझा काडीइतका विश्वास नाही." आणि तिने वर्षभराचं सगळं ओकून टाकलं. पातळ डाळ, सयामा ओमांची पट्टी, न समजता पाठ केलेली पानं, डॉक्टर व्हायचं नसलेल्या मुलींना डॉक्टर करायला निघालेले आईबाप. पलीकडची बाई ऐकत होती. बोलणं संपलं तशी नखं थांबली, आणि रात्रीपर्यंत ताझिनने एका दमात भौतिकशास्त्र पाठ केलं.

पेपर झकास गेला.

"काय गं, आज पेपर काढणाऱ्याला शिव्या नाहीत?" परतताना फ्यूने विचारलं.

"कशाला घालू? त्याने काय वाईट केलंय?" ताझिन म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. फ्यू तिच्याकडे बघतच राहिली.

शेवटचा पेपर जीवशास्त्राचा, सगळ्यांत अवाढव्य. ताझिन पुस्तक उघडते न उघडते तोच फळी खरवडू लागली. आज आवाजात भूक होती. तिने तक्रारी करायला तोंड उघडलं, तर एक तक्रार आठवेल तर शपथ! मग काय द्यायचं? अभ्यासक्रमात नसलेलं आणखी काय होतं तिच्याकडे?

तिने घराची वाट सांगितली. नदीचा धक्का, तिथून चिंचांची रांग, मग डावीकडे बांबूचं कुंपण. "हं. पुढे?" घरातली माजघराची खिडकी सांगितली, वडिलांचं आजारपण, त्यांच्या अंत्यविधीला आलेले भिक्खू. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की धक्क्यापासून पुढे कसं जायचं ते आता आपल्यालाच सांगता येणार नाही. ती उठलीसुद्धा. मग तिची नजर पुस्तकावर गेली. अर्धं पुस्तक राहिलं होतं.

जाऊ दे, बसवाला नेईल की गावापर्यंत, तिने स्वतःची समजूत घातली. घरी गेल्यावर सगळं पुन्हा दिसेलच. एकदा पास होऊ दे. आणि घराची वाट कोण विचारणार आहे जीवशास्त्रात?

"हं. पुढे?"

"पुढे आई," ताझिन म्हणाली. घाईघाईत, लवकर उरकावं म्हणून, तिने आई सांगितली. चिरूट वळून पिवळी पडलेली बोटं, ताप आला की कपाळावर ठेवायची ती फडकी, हाक मारताना नाव लांबवायची तऱ्हा, आणि ताझिन नापास झाली त्या दिवशी आईने एक शब्द न बोलता पुढ्यात ठेवलेला भात. फळीपलीकडे इतकी शांतता कधीच नव्हती. सगळं सांगून झालं तेव्हा ताझिनला एकदम हलकं वाटलं. डोकं कसं धुतल्यासारखं स्वच्छ! त्यात फुलाचे भाग, बेडकाचं हृदय, सगळं ओळीने जाऊन बसलं.

जीवशास्त्राचा पेपर तिने वेळेआधीच पुरा केला. एकही प्रश्न सोडला नाही. बाहेर मुली एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या, गणवेशाच्या हिरव्या लुंग्या चिंब भिजल्या होत्या. ताझिनही नाचली. आपण पास होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फाटकाशी पालकांची गर्दी झाली होती. त्यातून एक बाई धडपडत पुढे आली. रात्रभर बसमधून आलेली दिसत होती, डोळे लाल झाले होते, हातात डबा होता. ती ताझिनपुढे येऊन उभी राहिली आणि नुसती हसत राहिली.

ताझिनने वाकून नमस्कार केला. थोरामोठ्यांना करतात तसा. "मावशी, कोणाला न्यायला आलात? नाव सांगा, मी हाक मारते."

बाई खळखळून हसली. "घ्या! परीक्षा संपली नाही तोच चेष्टा सुचली हिला! बघा हो!" ती आजूबाजूच्या बायकांना म्हणाली, आणि त्याही हसल्या. "कसा गेला पेपर, बाळा?"

"छान गेला," ताझिन म्हणाली. बाई दमलेली आहे, काहीतरी घोटाळा झालाय तिचा, असं वाटून तिला फार वाईट वाटलं. "तुम्ही सावलीत बसा ना. पाणी आणू का?"

"अगं, तुझी आई!" मागून फ्यू ओरडली. "ताझिन, पुरे आता!"

बाईचं हसू हळूहळू विरत गेलं. तिने डबा खाली ठेवला, दोन्ही हातांनी ताझिनचा चेहरा धरला आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी शोधू लागली. अनोळखी माणसाला दुखवू नये, म्हणून ताझिन थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग आपला चेहरा सुटावा म्हणून ती हळूच एक पाऊल मागे सरकली.