मोनालीच्या अंगणातला लाल चौकोन

“सर, या नकाशात दुसऱ्याचं घरही पाहता येते का?”

मयुरीने उभं राहून प्रश्न विचारला आणि मागच्या बाकांवर खीखी सुरू झाली. पैज मागच्या बाकावरच्या रोशनीची होती. “दम असन तं विचारून दाखव!” आणि दम तर मयुरीत यंदा नुसता उतू चालला होता. वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आल्यापासून वर्गात सगळ्यात आधी तिचाच हात वर जायचा.

ग्रामपंचायतीचे प्रफुल सर शाळेच्या भिंतीवर गावाचा नवा नकाशा दाखवत होते. नागभीडच्या बाजूचं एवढंसं गाव, पण आता त्याचंही प्रत्येक घर मोबाईलवर! सर हसले. “येते ना. नकाशा सगळ्यांचाच आहे. घरावर बोट ठेवा, की मालकाचं नाव, जागा, बांधकाम, सगळं दिसते. ड्रोन उडवून फोटो काढले, त्यावरून केलं. चूक दिसली तर हे ‘हरकत’चं बटण दाबा. आम्ही येऊन पाहू.”

मग काय विचारता! त्या संध्याकाळी अख्ख्या गावाला दुसऱ्यांच्या घरांचं वेड लागलं. कवेलूचं, म्हणजे कौलांचं घर हिरवं, पत्र्याचं किंवा स्लॅबचं लाल. कोणाचं केवढं लाल, यावरून पाणी भरताना चर्चा आणि पानठेल्यावर भांडणं. स्वतःचं घर नीट मोजलं आहे का, हे मात्र कोणी पाहिलं नाही. आपलंही तसंच असतं ना?

मयुरीने आधी आपलं घर शोधलं. मग शेजारच्या मैत्रिणीच्या, मोनालीच्या घरावर बोट ठेवलं आणि तिचे डोळेच मोठे झाले. मोनालीच्या बाबांचं, सोमाजीकाकांचं कवेलूचं घर हिरवं, छोटंसंच होतं. पण त्यांच्या अंगणात एक भलामोठा लाल चौकोन! बांधकाम: पत्र्याचं छत.

खरं तर त्या अंगणात तुळस, सायकल आणि नव्यानं लावलेला वालाचा वेल यांशिवाय काहीच नव्हतं. मयुरी तिथे रोज जायची. नकाशा चुकला होता, हे तिला त्याच क्षणी कळलं. “काहीपण दाखवते!” म्हणून ती हसली आणि विसरून गेली.

विसरली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दुसऱ्या दिवशी मोनाली धावत आली. “मयुरी! आमचं घरकुल मंजूर होऊन राह्यलं! बाबा म्हणते, एक खोली मले. एकटीले! खिडकी रस्त्याकडे!”

“वा,” मयुरी म्हणाली. बस एवढंच म्हणाली.

मयुरीला स्वतःची खोली नव्हती. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर आईच्या शिलाई मशीनचे कपडे पसरलेले असायचे. आणि तालुक्यात पहिली कोण आली होती? मयुरी! मग खोली मोनालीला का? गणितात कशीबशी पास होणाऱ्या मोनालीला!  जेवताना तोच विचार, गाईड उघडलं तरी तोच. मोनाली पडद्याच्या रंगाबद्दल विचारायला आली तेव्हा तर तिचा जळफळाटच झाला. “गुलाबी घेऊ का आकाशी?” म्हणे!

मयुरीने बाबांचा मोबाईल घेतला. नकाशा उघडला. लाल चौकोनावर बोट ठेवलं. ‘हरकत’. आणि तिने आपल्या स्पर्धेतल्या सुंदर भाषेत लिहिलं: या कुटुंबाकडे आधीच पत्र्याचे मोठे घर आहे. घरकुल मिळावे म्हणून त्यांनी पत्रे काढून लपवले आहेत.

शेवटचं वाक्य लिहिताना तिचं बोट जरा थांबलं होतं. पण दाबलं तिने!

आठवड्याभरात प्रफुल सर टॅब घेऊन सोमाजीकाकांच्या अंगणात उभे. शेजारपाजारचे गोळा झाले. मयुरीही आली. न येऊन कसं चाललं असतं?

“सोमाजीभाऊ, इथी एवढं मोठं छत होतं. ते कुठी गेलं?”

“छत?” सोमाजीकाकांनी आभाळाकडे पाहिलं. “सर, एवढं छत असतं तं आम्ही चौघं एका खोलीत काऊन झोपलो असतो? पावसाळ्यात तं भांडेबी आमच्याच खाटेवर झोपते.”

लोक हसले. प्रफुल सर हसले नाहीत. “हरकत आली आहे. पत्रे काढून लपवले, असं लिहिलं आहे. सोमवारी सुनावणी. त्याच दिवशी घरकुलाची यादी पुढे जाते. हरकत घेणाऱ्यानं स्वतः येऊन ती मागे नाही घेतली, तर तुमचं नाव यादीतून थांबवावं लागेल.”

“कोणाची हरकत होय?”

“नाव सांगता येत नाही.”

“झिंगूचीच असन!” गर्दीतून कोणीतरी म्हणालं. “मागच्या पोळ्याले सोमाजीसंग भांडला नाई का?” आणि सगळ्यांच्या माना हलल्या. बिचारा झिंगू तिथे नव्हताही!

“मले तो फोटो तं दाखवा,” मोनालीची आई, अन्नपूर्णाकाकू पुढे झाल्या. सरांनी टॅबवर रेषा बाजूला करून ड्रोनचा खरा फोटो लावला. काकूंनी पदराने काच पुसली, डोळे बारीक केले, आणि अचानक त्यांचा चेहरा उजळला.

“अवो, हा तं दीपालीचा मांडो होय!”

दीपाली म्हणजे मयुरीची मोठी बहीण, आणि मांडो म्हणजे तिच्या लग्नाचा मांडव!

“हे पाहा, काठानं जांभळीच्या डहाळ्या. हे रस्त्यावर वरातीचे ट्रॅक्टर. मयुरीच्या घराचं अंगण पुरलं नाई, म्हणून मधलं कुंपण काढून मांडो आमच्याकडे घातला. अवकाळीचा भेव होता, तं वरून भाड्याचे पत्रे टाकले. ड्रोन काय त्याच दिवशी उडाला! दुर्गाबाई, इकडे या वो, तुमच्या पोरीचं लग्न आभाळातून कसं दिसते पाहा!”

काकूंना राग आठवतच नव्हता. त्या लग्न पाहत होत्या. मयुरीच्या आईने डोळ्याला पदर लावला.

आणि मयुरी? तिला तो दिवस लख्ख आठवला! ज्या छताचा आधार घेऊन तिने मोनालीची खोली हिसकावली, त्या छताखाली सगळ्यात जास्त तीच नाचली होती. मांडवासाठी काकूंनी आपला वाल उपटला होता, आणि तक्रार तर दूरच, उलट पाहुण्यांना चहा पाजला होता.

“सर, आता तं दिसलं ना, छत नाई, मांडो होता?” सोमाजीकाकांनी विचारलं. सर म्हणाले, “भाऊ, लेखी हरकत आहे. माझ्या हातात नाही.”

तेव्हा मोनालीने मयुरीचा हात धरला. “तू येशीन ना सोमवारी, साक्षीले? तूच तं नाचली होती मांडोत. मले नाई बोलता येत ऑफिसात. तुले बोलणं जमते.”

मयुरी हात सोडवून घराकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती भूगोलाच्या इंदुताई मॅडमसमोर उभी राहिली. “मॅडम, एक पोरगी आहे. तिनं नकाशावर हरकत घेतली. हरकत घेणं तर हक्क आहे ना?”

इंदुताईंनी वह्या बाजूला सारल्या. ती पोरगी कोण, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं. “हक्कच आहे. गावाची माहिती गावासमोर उघडी असलीच पाहिजे. कोणी तलावात घर बांधलं, कोणी रस्ता दाबला, तर आपण विचारणार नाही तर कोण विचारणार? पण त्या पोरीनं नकाशा पाहिला की मैत्रीण पाहिली?”

“नकाशा चुकला होता, मॅडम!”

“नकाशानं आभाळातून पाहिलं, म्हणून तो चुकला. तू तर जमिनीवर होती, मयुरी. तुला अंगण दिसत होतं.”

मयुरी रडायला लागली. मॅडमनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, “त्याच बटणानं ‘हे छत नाही, मांडव आहे’ असंही लिहिता आलं असतं. बटण एकच होतं, बेटा. दाबणारं मन वेगळं होतं.”

“आता काय करू?”

“ते मी कशाला सांगू? तालुक्यात पहिली तू आली, मी नाही.”

मित्रमैत्रिणींनो, गावाची माहिती हातात आली, ही किती मोठी गोष्ट आहे! पण शेजाऱ्याचं घर मोजत बसलो, तर आपलंच मन लहान होत जातं. हेवा वाटला तर वाटू दे, तो कोणालाही वाटतो. पण त्याच्या हातात बटण देऊ नका! आणि जे डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याची साक्ष आधी द्या.

मयुरी घरी आली तेव्हा बाबा खाटेवर बसून चहा पीत होते आणि आई मशीनवर होती.

“मशीन थांबव, आई. मले बोलायचं आहे.”

“आता कोणती स्पर्धा?” बाबा हसले.

“मोनालीच्या घराची हरकत मी घेतली. तुमच्या मोबाईलवरून. झिंगूकाकानं नाई, मी.”

मशीनचं चाक थांबलं. बाबांची बशी हवेतच राहिली. “तुले वेड लागलं का? दीपालीच्या मांडोले सोमाजीनं आपलं कुंपण काढलं, अन् तू...”

“हो, बाबा. रागवा, मारा, पण माझं पूर्ण ऐका.” मयुरीचा आवाज थरथरला, पण थांबला नाही. स्पर्धेत तो असा कधीच थरथरला नव्हता. “मोनालीले खोली भेटून राह्यली, ते मले पाहवलं नाई. म्हणून मी खोटं लिहिलं. सोमवारी मी ऑफिसात जाईन. सगळ्यांसमोर सांगीन, की हरकत माझी होती, खोटी होती, अन् तो मांडो माझ्या बहिणीचा होता. झिंगूकाकाचीबी माफी मागीन. पण सोमवारपर्यंत मी नाई थांबणार. मी आत्ताच मोनालीच्या घरी चालली. तुम्ही येत असान तं चला, नाई तं मी एकटीच जाईन.”