अस्वानची डॉक्टरीण

शुक्रवारची दुपार होती. हिवाळी सुट्टीत लेक इनास अस्वानहून घरी आली होती, म्हणून नग्ला तिच्या आवडीची छोटी वांगी कोरून त्यांत भात भरत बसली होती. तंता शहरातल्या त्या इमारतीत तिला आता कोणी नावाने हाक मारत नसे. सगळ्या बायका 'डॉक्टरच्या आई' म्हणत, आणि दर हाकेला ती घाईने विषय बदलत असे.

कारण इनास डॉक्टरकी शिकत नव्हतीच. उन्हाळ्यात बारावीचा निकाल लागला, तेव्हा तिला साडेब्याण्णव टक्के पडले. आदल्या वर्षी तेवढ्यावर वैद्यकीयला आरामात प्रवेश मिळाला होता. मग काय! नग्लाने गॅलरीत उभं राहून आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या, नवऱ्याने, शाबानने, अख्ख्या इमारतीला लाल सरबत पाजलं. प्रवेशाची यादी लागेपर्यंत धीर धरायला कोणाला सवड होती? यादी लागली ती इनासच्या गुणांच्या अर्धा टक्का वर थांबली, प्रवेश हुकला. साडेब्याण्णव टक्के मिळवलेल्या पोरीच्या घरात सुतक पडलं.

"लोकांनी सरबत प्यायलंय, आता त्यांना काय तोंड दाखवू?" शाबान म्हणाला. घराजवळचं विज्ञान महाविद्यालय सोडून त्याने मुद्दाम देशाच्या दुसऱ्या टोकाचं, अस्वानचं निवडलं आणि लोकांना सांगितलं, पोर तिथे डॉक्टरकी शिकते. पोर तिथे काय शिकते, हे बघायला कोण जातंय?

नग्लाची निम्मी वांगी भरून झाली, तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. खालच्या मजल्यावरची वफा होती, डोक्यावरचा रुमाल घसरलेला.

"डॉक्टर! अगं, आमच्या ह्यांना बघ गं! छातीत कळ येतेय, घामाने निथळतायत. इस्पितळात चला म्हणते, तर म्हणतात, घरात डॉक्टर असताना रांगेत कशाला मरू?"

"मावशी, आत्ताच्या आत्ता न्या त्यांना!" इनास उठलीच.

"तूच सांग त्यांना. माझं कुठे ऐकतात?"

इनासने बापाकडे पाहिलं. "बाबा, मी खरं काय ते..."

"आमच्या डॉक्टरबाई लाजतात!" शाबान मोठ्याने हसला. "जा, कोट घालून बघून ये." मग दबक्या आवाजात म्हणाला, "तोंड उघडलंस तर याद राख."

सगळे खाली गेले. वफाचा नवरा फतही पलंगावर बसला होता, चेहरा पांढराफटक. इनासला पाहून त्याला हायसं वाटलं.

"आली का डॉक्टर! आता मला काय होतंय!"

"काका, मी डॉक्टर नाही. मला प्रवेश मिळालाच नाही. उठा, गाडीत बसा."

"बघा, थट्टा करते म्हाताऱ्याची!" फतही हसला. वफाही हसली. बाप तर सगळ्यांत मोठ्याने हसला.

"आई, तू सांग ना यांना!"

नग्लाच्या ओठांवर शब्द आला होता. दारात शाबान डोळे वटारून उभा होता. ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याने सगळ्यांची खात्री पटली की गाडीत बसा म्हणणंही थट्टाच, आणि वफा निवांतपणे चहा ठेवायला गेली. चहा उकळायच्या आत फतही पलंगावर कोसळला. तेव्हा नग्ला किंचाळून खरं बोलली. इस्पितळाच्या वाटेवरच त्याचा श्वास थांबला.

सांत्वनाला इमारतीतल्या सगळ्या बायका काळे कपडे घालून जमल्या, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरली. नग्ला खाली मान घालून कोपऱ्यात बसली होती. वफा तिच्यासमोर येऊन बसली.

"पोर खरं बोलत होती, बाई. तू तिची आई. तू एक शब्द बोलली असतीस, तर मी त्यांना ओढत नेलं असतं. का नाही बोललीस?"

नवऱ्याची भीती वाटली, शेजारपाजाऱ्यांची लाज वाटली, असं नग्लाला सांगता आलं असतं. पण ज्यांची लाज वाटली, ते शेजारी तिथेच बसले होते, आणि त्यांच्यातला एक कमी झाला होता.