खंडेनवमीला उपटलेली पिन

मित्रांनो, मी एक जुना यूएसबी हब आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. कॉम्प्युटरला भोकं दोन आणि त्याला चिकटणारी यंत्रं सात, अशी वेळ आली की माझी आठवण होते. सोलापुरात होटगी रस्त्यावर, दिग्विजयच्या फोटो स्टुडिओत मी राबलो. आता तिथल्याच एका खोक्यात पडून आहे, आणि बाहेर जे चाललंय ते ऐकून माझा जीव थाऱ्यावर नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो, ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे, की माझ्याबरोबर एक काळा अडॅप्टर होता. तो भिंतीतून वीज घ्यायचा आणि मी ती सगळ्यांना वाढायचो. कार्ड रीडर, माउस, हार्डडिस्क, टेबलावरचा छोटा पंखा, कुणाचा तरी मोबाइल. त्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलं नाही. "हब म्हणावं तर ह्याला," असं दिग्विजय गिऱ्हाइकांना सांगायचा.

मग खंडेनवमी आली. कॅमेऱ्याला हार, कॉम्प्युटरला हळदकुंकू, मलाही झेंडूचं फूल. पूजेमागं दिव्यांची माळ लावायची होती आणि बोर्डात जागा नव्हती. दिग्विजयची बायको रेश्मा हिनं माझ्या अडॅप्टरची पिन उपटली.

"अहो, हे काढलं तर चालतंय का?"

"चालतंय की. त्याचा दिवा लागलाय बघ."

दिवा लागला होता खरा. कॉम्प्युटरच्या वायरीतून येणाऱ्या चिमूटभर विजेवर दिवा लागतो. सात जणांचं पोट भरत नाही. ज्या दिवशी मला देव केलं, त्याच दिवशी माझ्यापुढचं ताट ओढलं. दिवाळी गेली, तरी माळ लुकलुकतच राहिली.

आधी माउस अडखळला. मग कॉम्प्युटर दिवसभर टुंग टुंग करायला लागला. हार्डडिस्क आली, गेली, आली, गेली. दर वेळी तिच्या पोटातली तबकडी फिरता फिरता गचकन अडायची. मला कळत होतं, पण सांगणार कसा? दिग्विजय वायर या भोकातून त्या भोकात घालायचा, तोंडानं फुंकायचा, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा.

"सगळं काढा आणि एकेक लावून बघा की," रेश्मा म्हणाली.

"लगीनसराई हाय आणि तुला एकेक सुचतंय. तू बस हितं, मी भाकरी थापतो."

पुढं एका दुपारी गंगम्मा आली. दिग्विजयला ती कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची. तिचा नवरा सिद्रामप्पा नुकताच गेला होता. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे फोटो दिग्विजयनंच काढलेले, आणि ते त्या एकाच डिस्कवर होते. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसली होती.

"तम्मा, ह्यांचा हसल्याला येक फोटो मोठा करून दे. घरात आधारवरचाच हाय. त्यात चोरागत दिसत्यात. तसा भिंतीला लावला तर वरनं मलाच शिव्या देतील."

दिग्विजय हसला. त्यानं डिस्क जोडली. मोबाइल चार्जिंगला होताच. गंगम्माला घाम आला म्हणून पंखा तिच्याकडं वळवून मोठा केला. मी तापून वितळायच्या बेताला आलो. सिद्रामप्पा पडद्यावर वरून खाली उमटायला लागला. फेटा आला. कपाळावरचं भस्म आलं. डोळे आले. ओठ यायच्या आत टुंग झालं.

डिस्कच्या पोटात टक, टक, टक. मग तेही थांबलं.

"परत येतंय न्हवं?" गंगम्मानं विचारलं.

"हबच भिकार निघाला," म्हणत दिग्विजयनं मला उपटून खोक्यात फेकलं. डिस्क दुरुस्तीला पुण्याला जाऊन आली, ती तशीच मुकी. गंगम्माच्या भिंतीवर आधारवरचा फोटो लागला.

मित्रांनो, यंत्राला फूल नाही वाहिलंत तरी चालेल. त्याची वीज त्याला द्या. एकाच्या गळ्यात सात जण बांधू नका. अडलं तर सगळं सोडवा आणि एकेक जोडून बघा. आणि गेलेलं माणूस ज्या फोटोत उरलंय, तो एकाच जागी ठेवायची मुजोरी करू नका.

काल नवा हब आला. त्याचा अडॅप्टर पिशवीतून न काढताच दिग्विजयनं माझ्या अंगावर टाकला. बोर्डात जागा नाही. माळ लागलेली आहे.

"ह्याचा दिवा लई झगझगीत हाय की," रेश्मा म्हणाली.

नवी डिस्क फिरायला लागली आहे. तिच्यात कुणाच्या घरचं लग्न आहे, मला माहीत नाही. आत्ताच एक टुंग ऐकू आलं.