कल्याणप्पांचा डावा डोळा

मित्रांनो, मी एक जुना सुती रुमाल आहे. सास्तूरच्या कल्याणप्पा शिंप्यांनी शर्टाच्या उरलेल्या कापडातून मला शिवलं आणि आपल्या वरच्या खिशात जागा दिली.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळू लागलं. "धुळीनं येतंय, दुसरं काय न्हाय," असं ते म्हणायचे आणि दिवसभर मला डोळ्याला लावायचे. मला फार आवडायचं ते. त्यांची बायको गजराबाई पदरानं डोळा पुसायला आल्या, की मी मनातून जळायचो. ते पाणी फक्त माझं होतं ना!

मग डोळा लालभडक झाला. चिपडांनी पापण्या चिकटू लागल्या, सुईत दोरा जाईना.

"अहो, लई झालं आता. आजच दाखवून येऊ," म्हणत गजराबाई त्यांना धाराशिवला घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटून पाहिली. "दोन केस आत वळलेत. ते बुबुळाला घासतात, म्हणून पाणी येतं." मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हा रुमाल धुता कधी?"

"आठ-आठ दिवस न्हाय धूत," गजराबाई म्हणाल्या.

"म्हणूनच डोळ्यात जंतू गेले असतील. अजून थांबला असता, तर बुबुळावर पांढरं फूल पडून नजर गेली असती."

बाईंनी चिमट्यानं केस काढले आणि थेंबांची बाटली दिली. केस पुन्हा वाढले तर लगेच या, असंही बजावलं.

माझ्या खिशात आता ती बाटली बसली. मी मशीनचं तेल पुसू लागलो. गजराबाई रोज चार वेळा हात धुऊन त्यांच्या डोळ्यात थेंब घालायच्या, तेव्हा माझा जीव तीळतीळ तुटायचा. पुन्हा पाणी गळावं, असंच मी मागत होतो.

आणि दीड महिन्यानं खरंच गळू लागलं. सवयीनं कल्याणप्पांचा हात माझ्याकडं आला. मी हरखलो!

"ठेवा तो खाली!" गजराबाई ओरडल्या. "आंधळं व्हायचंय का?"

कल्याणप्पांनी मला सोडलं, चप्पल घातली आणि धाराशिवची एसटी गाठली.

मी मशीनवर पडून राहिलो. त्यांचा डोळा जावा इतकं का मी त्यांच्यावर प्रेम करत होतो? माझी मलाच लाज वाटली.

मित्रांनो, डोळा सारखा गळत असेल तर नुसता पुसत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्यासारख्या मळक्या रुमालाला, तो कितीही आवडता असला तरी, डोळ्याजवळ येऊ देऊ नका.