पंच्याण्णव मिलिमीटर

१४ नोव्हेंबर, रविवार. आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही, गॅरेजमधला पारा एकोणिसावर. त्या दिवशी मी जन्मलो. तारीख आणि हवा माझ्या एका अंगावर पेन्सिलनं लिहिलेली आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

मी एक लाकडी ठोकळा आहे. त्याआधी मी कुठल्याशा दरवाजाच्या चौकटीत होतो, पण त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझी उंची पंच्याण्णव मिलिमीटर. ही उंची उगाच ठरलेली नाही. घराच्या फाटकाशी गटारावर सिमेंटचा उंचवटा आहे, तो शहाऐंशी. त्यावर नऊची मोकळीक. गाडीच्या पोटाखालून मी सरकलो, तर गाडी सुखरूप बाहेर जाते. अडकलो, तर तिनं घरीच थांबावं. माझं काम इतकंच.

माझे मालक चष्म्याच्या काचा घासतात. दुकानात दिवसभर लोकांना विचारतात, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही. सहा वर्षं दर रविवारी खपून त्यांनी एक गाडी बांधली. वरून जुन्या शर्यतीच्या गाडीची हुबेहूब नक्कल, अंग फायबरचं. खालून मात्र एका म्हाताऱ्या, साध्यासुध्या गाडीचा सांगाडा. इंजिन मागच्या बाजूला, आणि ते पाण्यानं नव्हे, वाऱ्यानं थंड होणारं. भोवती पाण्याचं वेष्टण नसलं की इंजिनाच्या पोटातली सगळी खडखड बाहेर ऐकू येते. त्यात मालकांनी गाडी हौसेनं जमिनीलगत बसवलेली. दिसायला सुरेख, यात वाद नाही.

राहिला होता सायलेन्सर.

मालकीणबाईंना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. गाडीत त्या डावीकडे बसणार आणि मालक उजवीकडे. म्हणजे त्यांचं बोलणं नेमकं त्याच कानावर पडणार. बाईंनी अट घातली, तीसुद्धा इस्त्री करता करता.

"सहा वर्षं रविवारी तुम्ही गाडीखाली आणि मी घरात एकटी. आता माझ्या बहिणीकडे जायचं तर गप्पा मारत जायचं. नुसतं खिडकीबाहेर बघायला मला बस आहे."

"म्हणजे किती ऐकू यायला हवं?" मालकांनी वही काढली.

"कानाचे डॉक्टर दहा शब्द म्हणतात ना, तसे म्हणा. सात आले तर मी येईन. सहा आले तर तुम्ही एकटे जा, डबा भरून देईन."

मालकांनी लिहिलं: ताशी साठ, काचा वर, दहापैकी सात.

सायलेन्सरवाल्या मिस्त्रीनं पहिला नमुना आणला, तो दोन आखूड नळ्यांचा, चांगला उंच चढवलेला. त्याच्याखालून मी ऐटीत गेलो.

"भाऊ, हाच लावा," मिस्त्री म्हणाला. "कोपऱ्यावर वळलात की तीन गल्ल्यांना कळेल."

"माझं बोलणं एका बाईंना कळायला हवंय."

"वहिनींना? मग चिठ्ठी द्या."

चाचणीला मला दाराच्या कप्प्यात ठेवलं होतं. मालक एकेक शब्द म्हणायचे, बाई तो परत म्हणायच्या; ऐकू आला नाही तर "पुढचा" म्हणायच्या. त्या दिवशी "पुढचा" मी आठ वेळा ऐकलं. इंजिनाचा सूर चढला की मालकांच्या चेहऱ्यावर हसू यायचं. ते त्यांनी वहीत लिहिलं नाही.

दुसरा नमुना म्हणजे इंजिनाखाली आडवी झोपवलेली मोठी पेटी. आवाज कमी, पण लोंबणारी. मालकांनी मोजलं: सत्त्याण्णव. मी दोन मिलिमीटर राखून गेलो. पेटी कायमची बसवली, वेल्ड केली, काळा रंग दिला. मग दोघं आत बसले, गाडी फाटकाशी आली, आणि तवा फरशीवरून ओढावा तसा आवाज झाला.

दोघं उतरले. मालकांनी गुडघे टेकून मला आत सारलं. मी सहज गेलो. ते चक्रावले.

"अहो, आम्ही बसल्यावर बघा ना," बाई म्हणाल्या.

मिस्त्री तिथंच होता. तो मालकांच्या जागी बसला, बाई आपल्या जागी. या वेळी मी पेटीला टेकलो आणि थांबलो. पट्टी लावली तर त्र्याऐंशी. सहा वर्षं मिलिमीटर मोजणाऱ्या माणसानं गाडी कायम रिकामी मोजली होती.

"तुझं वजन किती गं?" मालकांनी वही उघडली.

"दोघांचं मिळून चौदा मिलिमीटर. त्यातले माझे किती, ते लिहायचं नाही."

पुढच्या रविवारी मालकांनी मला शिकंज्यात आवळलं. गाडी उचलावी तर तिची ऐट जाणार, नळ्या लावाव्यात तर बाई येणार नाहीत. म्हणून त्यांनी तिसरी वाट काढली: मलाच कापून ब्याऐंशीचा करायचं. उंचवट्यावरून गाडी तिरकी, अगदी हळू नेली तर ब्याऐंशीतही निभावेल, असं ते स्वतःशी पुटपुटत होते. करवतीचे दोन ओरखडे माझ्या डोक्यावर उमटले. कापला जाण्याचं मला फार वाटत नाही. चौकटीतून आलेल्याला ते ठाऊक असतं. पण यापुढे खोटं सांगत जगावं लागेल, याची धास्ती वाटली.

बाई दारात उभ्या होत्या. "ठोकळा कापलात म्हणून रस्ता खाली बसणार आहे का?"

"गाडी उचलली तर कशी दिसेल, कल्पना आहे तुला?"

"आत बसल्यावर ती आपल्याला दिसतच नाही. ऐकू तेवढी येते."

मालकांनी करवत खाली ठेवली. मग त्यांनी शिकंजा सैल केला. चार संध्याकाळी राबून त्यांनी मागच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणारे दातेरी दांडे सरकवले आणि गाडी पंधरा मिलिमीटर वर घेतली. दोघं आत बसले, मिस्त्रीनं मला सारलं, आणि मी तीन मिलिमीटर राखून गेलो.

ते दोन ओरखडे अजून आहेत. आता मी कायम दाराच्या कप्प्यातच असतो. जाता जाता एकच मागणं: काहीही मोजाल तेव्हा, ज्यांना बसायचंय त्यांना बसवून मोजा.

६ फेब्रुवारी, रविवार. ऊन, हलका वारा, बावीस अंश. काचा वर, ताशी साठ. मालकांनी आवाज न चढवता दहा शब्द म्हटले. सहा आले.

मालकांनी आकडा लिहिला आणि गाडी कडेला घेतली. डबा मागच्या सीटवर होता.

"साठ कुणी ठरवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"मग पन्नासनं न्या."

ताशी पन्नासला, नव्या दहा शब्दांपैकी आठ आले. वाटेत तीन बस आणि एक दुधाची गाडी पुढं निघून गेली. बाईंच्या बहिणीचं घर तिथून एकेचाळीस किलोमीटर होतं. एकोणपन्नास मिनिटं लागली.